दुसऱ्यांदा उजाडलं की बंद

"मॅडम, घरी मी टॅब लपवून ठेवते आणि शाळेत बाई स्वतः त्याला माइनक्राफ्ट लावून देतात. आता मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

चौथीतल्या मुलाची आई. माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळे रचून हवं ते बांधायचा संगणकावरचा खेळ. समुपदेशनाला येणाऱ्या पालकांकडून ही तक्रार हल्ली वरचेवर येते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

इतिहासाला शिवछत्रपती, म्हणून वर्गाने खेळात राजगड बांधायला घेतला होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या आणि बालेकिल्ला असे चार गट. हा संजीवनी माचीवर. विचारलं तर खुर्चीतून उठूनच सांगायला लागला. तिथली तटबंदी दुहेरी, मधून माणूस जायला हवा. खेळातला ठोकळा एक मीटरचा, मग मध्ये किती ठोकळ्यांची जागा सोडायची यावरून गटात भांडण.

"दिवाळीत मातीचा किल्ला करू म्हटलं तर हात घाण होतात याचे!" आई म्हणाली. "पाढे तरी येतात का, विचारा."

पाढे नाही विचारले. घरच्या खेळातल्या एका पेटीत किती ठोकळे मावतात, ते विचारलं. "२७ घरं, एकेका घरात ६४." कागद ओढला, हातचा एकदा चुकला, खोडून पुन्हा केला. १७२८. आई कागदाकडे बघत राहिली.

म्हणून खेळ चांगलाच, असं मी म्हणणार नाही. पहिले दोन तास पोरांनी एकमेकांचे बुरूज सुरुंगाने उडवण्यात घालवले, हे त्यानेच हसत सांगितलं. मग बाईंनी नियम केला: आधी वहीत आराखडा, मग संगणक. शाळांसाठीची आवृत्ती वेगळी आहे, २०१६ पासूनची. तिच्यात शाळेच्या खात्यातूनच शिरता येतं आणि बाई सगळ्यांचा खेळ एकदम थांबवू शकतात. घरी होती फक्त "बास झालं आता!" ही हाक, तीही नेमकी भिंत अर्धी असताना. शिवाय घरी तो अनोळखी लोकांच्या सर्व्हरवर जायचा. त्यावर मी चर्चाच ठेवली नाही, त्याच दिवशी बंद करायला लावलं.

वेळेचा करार मात्र त्याच्याच भाषेत केला. खेळातला दिवस-रात्र मिळून २० मिनिटांचा. खेळातल्या सकाळी सुरुवात करायची आणि त्यानंतर दुसऱ्यांदा उजाडलं की बंद. म्हणजे जास्तीत जास्त ४० मिनिटं, आणि हाक मारायला आई नाही, सूर्य.

पंधरा दिवसांनी आईचा फोन. पठ्ठ्याने पळवाट शोधली होती. खेळात झोपलं की रात्र उडून जाते आणि लवकर उजाडतं, म्हणून तो पलंगाकडे फिरकतच नव्हता. पण खेळातले तीन दिवस जागून काढले की रात्री आकाशातून फँटम नावाची उडती भुतं अंगावर येतात. आली.

"काल स्वतःच म्हणाला," आई हसत होती, "आई, आज झोपतो गं मी, वेळ गेला तरी चालेल."