गुरुजी, १ टीबीचा लॅपटॉप नको

खानापूरच्या गुरुजींचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज १० वाला जुना लॅपटॉप आता सुरूच होत नाही. लेक यंदा बेळगावात इंजिनिअरिंगला लागली, कॉम्प्युटर सायन्सला. हातात ६० हजार आहेत. लॅपटॉप लेकीचा, पण घरातलं सगळं त्यातच ठेवायचं आहे. म्हणजे गावच्या नाटकांच्या आणि भजनांच्या टाइप केलेल्या संहिता, शाळेचे फोटो, लग्नाच्या डीव्हीड्या, शेताचे उतारे. म्हणून '१ टीबीवाला कुठला चांगला?'

माझं उत्तर तुम्हाला थोडं उलटं वाटेल. ५१२ जीबीचा घ्या. लॅपटॉपवर ४८ हजारांच्या वर जाऊ नका. उरलेल्या पैशांत बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क घ्या, एक-एक टीबीच्या. तुम्ही दोन प्रश्न एकात घातलेत, तिथंच गुंता झालाय. पोरगी रोज खानापूर-बेळगाव करणार, कधी रेल्वेनं, कधी बसनं. जून-जुलैच्या पावसात, मांडीवर बॅग घेऊन. लॅपटॉप हे दप्तर आहे, ते घरातलं कपाट नव्हे. आजोबांच्या वेळच्या खरेदीखताची प्रत रोज दप्तरात घालून कुणी कॉलेजला पाठवतं का?

आधी लॅपटॉपचं उरकू, कारण ते सोपं आहे.

कंपनीच्या नावापेक्षा प्रोसेसरचा नंबर वाचा. प्रोसेसर एएमडीचा (रायझन) किंवा इंटेलचा असतो. दुकानदार 'रायझन ५ आहे, सात हजार सिरीज आहे' एवढंच सांगतो. पण या सात हजारांत तिसरा आकडा बघायचा असतो. तो आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, जे मुळात २०१९ मध्ये आलं. ७५३०यू मधला ३ म्हणजे त्यानंतरची झेन ३. डब्यावर दोन्ही 'रायझन ५'च. वर ७५२०यू असलेल्या लॅपटॉपची रॅम मदरबोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. इंटेलमध्येही तसंच. आय३-एन३०५ चे आठही कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) वीज वाचवणारे, छोटे आहेत. आय३-१२१५यू मध्ये सहाच आहेत, पण त्यातले दोन दमदार. आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नका. टायपिंग आणि बँकेची कामं एन-वाल्यावर आरामात होतील, चार वर्षांच्या कॉम्प्युटर सायन्सला तो पुरायचा नाही.

रॅम १६ जीबी पाहिजे. बजेटात बसत नसेल तर ८ जीबीचा घ्या, पण रिकामा स्लॉट आहे का ते विचारून. 'वाढवता येते की सर' या उत्तरावर थांबू नका. मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवर स्वतः बघा. स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग नीट दिसणारी) असू दे. बाकी कीबोर्डवरचे दिवे, गेमिंगचा स्टिकर, हे सोडून द्या.

'डॉस'वाला, म्हणजे विंडोज नसलेला लॅपटॉप चार-पाच हजारांनी स्वस्त सांगतील आणि 'विंडोज आम्ही घालून देतो' म्हणतील. ते घालून दिलेलं विंडोज बहुतेक चोरीचं असतं. लॅपटॉप उघडायच्या आधीच घरात चोर घ्यायचा हा प्रकार, नको. विंडोज ११ कंपनीकडूनच आलेलं घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून बेंगळुरूच्या ऑफिसांतून निघालेले, दुरुस्त करून विकतात ते जुने लॅपटॉप घेताना इंटेल आठव्या पिढीच्या खालचे घेऊ नका, विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे चालत नाही. तसे ते मशीन वाईट नसतात, कीबोर्ड तर नव्यापेक्षा चांगले असतात. पण बॅटरी थकलेली असते आणि लेकीला दिवसभर कॉलेजात काढायचा आहे.

वॉरंटीत 'ऑनसाइट' हा शब्द शोधा. आणि घ्यायच्या आधी कंपनीला फोन करून खानापूरच्या ५९१३०२ या पिनला माणूस घरी येतो का, ते विचारा. बेळगावात येतो म्हणून खानापुरात येतोच असं नाही, आणि आतल्या खेड्यात तर नाहीच. येत नसेल तर कॉलेजचा पत्ता द्या. कोल्हापुरात हजार-पाचशे कमी पडतात म्हणून तिकडे जाणारे बरेच आहेत. वॉरंटी देशभर चालते, तेव्हा हरकत काही नाही. बिलावर सिरीयल नंबर छापलाय का आणि तो डब्यावरच्या आणि लॅपटॉपखालच्या नंबराशी जुळतो का, एवढं तिथंच बघून घ्या.

आता फायली.

सगळ्या फायलींची किंमत सारखी नसते, म्हणून आधी निवड करा. एकदा गेलं की परत मिळणारच नाही असं काय आहे? नाटकांच्या संहिता, भजनं, जुने फोटो, लग्नाचा व्हिडिओ. परत मिळेल पण दमवेल असं काय? उतारे, मार्क्स कार्ड. आणि सहज मिळेल असं काय? डाउनलोड केलेले सिनेमे, सॉफ्टवेअर, व्हॉट्सॲपवरच्या शुभ सकाळी. तिसऱ्या ढिगाला जपायचं कारण नाही. तो बाजूला काढला की बहुतेकांचा डोंगर निम्म्याहून खाली येतो.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरमुळे रूढ झालेला ३-२-१ हा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्याकडं लोक 'दोन' पर्यंत येतात आणि दोन्ही डिस्का एकाच कपाटात, एकाच पिशवीत ठेवतात. त्या दोन प्रती मोजायला दोन, गेल्या की एकदम जातात. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं आणि बेळगाव जिल्ह्यात नदीकाठची घरंच्या घरं पाण्यात होती. तुमच्या भागात नदीचं पाणी नाही आलं तरी जुन्या घरांच्या मातीच्या भिंती पावसाळ्यात बसतातच.

तेव्हा असं करा. पहिली डिस्क घरी, तिच्यावर महिन्यातून एकदा नवीन भर. दुसरी डिस्क बेळगावच्या पाहुण्यांकडं ठेवा, टिळकवाडीत असो की शहापुरात, आणि गणपतीला-दिवाळीला जाणं होतंच तेव्हा अदलाबदल करा. घरातली तिकडं, तिकडची घरी. तिसरी प्रत ऑनलाइन, पण फक्त पहिल्या दोन ढिगांतल्या लहान फायलींची. गूगलवर १५ जीबी फुकट मिळतात, त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं आलं. संहिता आणि उतारे यांना एवढी जागा रग्गड झाली.

डिस्क घेताना अडीच इंची घ्या, जी यूएसबीच्या वायरीवरच चालते. साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो. आपल्याकडं पावसात हेस्कॉमची लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि कॉपी चालू असताना डिस्कची वीज गेली की फाइल अर्धी राहते, कधी कधी सगळी डिस्कच वाचेनाशी होते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळं अडीच इंचीला ती भीती नाही. विजा कडकडायला लागल्या की मात्र चार्जर काढून ठेवा. काम झालं की डिस्कही काढा. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही सुरक्षित प्रत होत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आलं, तेव्हा फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या त्या व्हायरसनं जोडलेल्या डिस्काही सोडल्या नव्हत्या.

डिस्क ठेवायची ती कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. पेन ड्राइव्ह फाइल इकडून तिकडं न्यायला आहे, वर्षानुवर्षं साठवायला नाही. एसएसडी (फिरते भाग नसलेली नवी डिस्क) सुद्धा वीज न लावता कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यातला डेटा विरत जाऊ शकतो. नुसत्या ठेवणीसाठी जुनी फिरती हार्ड डिस्कच बरी. आणि पाचशे रुपयांत '२ टीबी पेन ड्राइव्ह' दिसला तर तो खोटाच. आत ३२-६४ जीबी असते आणि पुढच्या फायली नुसत्या नावाला दिसतात.

ऑनलाइनची एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथंच फसतं. विंडोज ११ पहिल्यांदा सुरू करताना वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, आपणहून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्याकडं ओढून घेतं. तिथं फुकट ५ जीबीच आहेत. ते भरले की 'जागा संपली, पैसे भरा' सुरू. मग लेकीनं जागा करायला तिकडची फाइल उडवली की इकडचीही उडते. दोन्हीकडं सारखं ठेवणं हे त्याचं काम आहे, ते तो प्रामाणिकपणे करतो. त्यामुळं तिच्या अभ्यासाला वनड्राइव्ह ठीक, घरच्या फायलींना ते लावू नका.

त्याच सुरुवातीच्या सेटअपमध्ये बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर हे चांगलंच. पण कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट झालं की स्क्रीनवर ४८ आकडी किल्ली मागतात. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. पहिल्याच आठवड्यात ती काढून कागदावर लिहा आणि रेशन कार्डाच्या फाइलीत ठेवा. गूगलचं खातंही दोन वर्षं उघडलं नाही तर बंद करून आतलं सगळं पुसू शकतात. तेव्हा खातं तुमच्या नावाचं असलं तरी पासवर्ड लेकीलाही माहीत असू दे.

मार्क्स कार्डांसाठी सरकारचं डिजिलॉकर आहे. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, तिथं परीक्षा बोर्डाकडूनच येतं, ते अधिकृत धरलं जातं. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद मात्र तिथं गेला म्हणून अधिकृत होत नाही. उतारा, म्हणजे आरटीसी, कर्नाटक सरकारच्या 'भूमी' साइटवर पुन्हा काढता येतो, त्याची चिंता नको. खरेदीखताचा स्कॅन हा आपल्या माहितीला. मूळ कागद जपाच, गेलाच तर सब-रजिस्ट्रारकडून सही-शिक्क्याची नक्कल काढावी लागते.

आता तुमच्या संहिता. यांचीच मला जास्त काळजी वाटते. त्या श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या फॉन्टांत, टाइप केलेल्या असतील तर फाइल नव्या लॅपटॉपवर सुखरूप येईल आणि उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसेल. आत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी कळांचे आकडे असतात आणि त्यांना मराठी रूप तो फॉन्ट देतो. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरात टाइप केलेल्या जुन्या कन्नड अर्जांचंही हेच होतं. म्हणून जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातले फॉन्ट आधी उचला. मग प्रत्येक संहितेच्या तीन गोष्टी ठेवा: मूळ फाइल, फॉन्ट आत घातलेली पीडीएफ, आणि युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणाऱ्या लिपीत) बदललेली प्रत. बदलताना जोडाक्षरं आणि 'ऱ्या' हमखास बिघडतात, तेव्हा पीडीएफ शेजारी उघडून एकदा वाचून काढा. वेळखाऊ आहे, पण तुम्ही निवृत्त आहात आणि तुमच्याइतकं ते नाटक दुसऱ्या कुणाला पाठ नाही. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली असतील तर आणखी घाई करा. त्याच्या जागी आलेलं नवं इनडिझाइन त्या उघडत नाही, ज्या प्रेसकडं जुना पेजमेकर अजून चालतो त्यांच्याकडून आताच पीडीएफ करून घ्या.

लग्नाच्या डीव्हीड्यांवर आपल्या हवेत बुरशी येते. त्या आताच उतरवा. आतलं 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर जसंच्या तसं कॉपी करायचं, सुटे तुकडे नको. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो, बाहेरून लावायचा घ्या किंवा कुणाचा उसना आणा.

उरला जुना लॅपटॉप. तो भंगारात देऊ नका. सुरू होत नाही याचा अर्थ आतली डिस्क गेली असा नाही. बरेचदा मदरबोर्ड गेलेला असतो आणि डिस्क धडधाकट असते. ती काढून यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घातली की नव्या लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखी जोडता येते, केसिंग काही शे रुपयांत मिळतं. जोडल्यावर टक-टक आवाज आला तर लगेच काढा आणि कुणालाही 'फॉरमॅट करून बघू' म्हणू देऊ नका. खालच्या पाटीवरचा मॉडेल नंबर इथं लिहा, आत अडीच इंची डिस्क आहे की एम.२ (छोट्या पट्टीसारखी एसएसडी), ते बघून कुठलं केसिंग आणायचं ते सांगतो. तोवर चार्जर लावून पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका.