वाचकांचे प्रश्न : चीनमधली नोकरी संपवून परतताना

चीनमध्ये शिकवणाऱ्या किंवा तिथं मुलं-मुली असलेल्या चार वाचकांची पत्रं आली आहेत. सगळ्यांचं येणं-जाणं जून-जुलैचंच आहे. म्हणून चारही उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : सूचौच्या एका शाळेत गणित शिकवतो. करार 30 जूनला संपतो, विमान 12 जुलैचं आहे. शाळा म्हणते, शेवटच्या आठवड्यात सगळे कागद देऊ. पुरेल का एवढा वेळ?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

नाही पुरणार, दादा. आणि त्यातला सगळा दोष शाळेचा नाही, कामांचा क्रमच तसा अवघड आहे.

तुमचं चीनमधलं राहणं नोकरीच्या परवान्यावर टेकलेलं आहे. नोकरी संपली की शाळेनं दहा कामाच्या दिवसांत तो परवाना रद्द करायला द्यायचा असतो. रद्द झाल्यावर पासपोर्टमधल्या रहिवासी परवान्यावरची तारीख पुढची असली तरी तिच्या भरवशावर राहता येत नाही. मधल्या दिवसांसाठी शहराच्या निर्गम-प्रवेश कार्यालयातून 'मुक्काम परवाना' घ्यावा लागतो. तो जास्तीत जास्त 30 दिवसांचा मिळतो. त्यासाठी पासपोर्ट जमा होतो, तो परत मिळेपर्यंत सात ते दहा दिवस धरून चला. हातात फक्त पावती राहते. पावतीवर आगगाडी, हॉटेल निभतं. बँक मात्र मूळ पासपोर्टच मागते.

म्हणून बँक आधी, पासपोर्ट नंतर. बहुतेकांची फसगत इथंच होते.

बँकेत पगाराचे युआन डॉलरमध्ये बदलून घरी पाठवायचे तर करार, पगाराच्या पावत्या आणि कर भरल्याचा दाखला लागतो. कागदांशिवाय परदेशी माणसाला दिवसाला 500 डॉलरपर्यंतच बदलता येतात. कराचा दाखला करखात्याच्या ॲपमधून शिक्क्यासह उतरवून घ्या. पैसे पाठवताना नुसता आयएफएससी चालत नाही, स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारांसाठी बँकेला दिलेली ओळख) लागतो. आपल्या बँकेच्या प्रत्येक शाखेला तो नसतो, म्हणून नागपूरच्या शाखेला विचारून त्यांच्या मुख्य परकीय चलन शाखेचा कोड घ्या.

आणि नाव तपासा. आपल्या पासपोर्टवर बहुधा 'दिलेलं नाव'मध्येच वडिलांचं नाव असतं. चिनी बँक आडनाव आधी लावते आणि सगळं सलग लिहिते. इकडच्या खात्यावर मात्र नुसतं आद्याक्षर आणि आडनाव. दोन्ही जुळले नाहीत की पैसे आठवडाभर मध्येच अडकतात. इकडच्या खात्याचं नाव आधी पासपोर्टसारखं करून घ्या.

रोख न्यायची तर बाहेर पडताना 20,000 युआनपेक्षा जास्त नेता येत नाही. परकीय नोटा 5,000 डॉलरवर असतील तर तिथंही सांगावं लागतं आणि इकडे उतरल्यावरही.

नोकरी सोडल्याचा दाखला आणि परवाना रद्द झाल्याचा दाखला, हे दोन्ही लाल शिक्क्यासह मूळ प्रतीत मागा. पुढं कधी चीनमध्ये दुसरी शाळा धरायची झाली तर ती पहिल्यांदा हेच मागेल. शिवाय 180 दिवसांहून जास्त राहिला असाल तर गुन्हा नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला तिथं असतानाच काढा. इथून काढणं म्हणजे कुणाला तरी मुखत्यारपत्र देऊन पळवणं.

पगारातून निवृत्तिवेतनासाठी 8 टक्के कापले जात असतील तर तो वैयक्तिक खात्यातला भाग कायमचं जाताना लेखी अर्ज करून एकरकमी परत मिळतो. पैसे चिनी खात्यातच येतात. म्हणून घाईनं खातं बंद करू नका आणि मोबाईल नंबरही तोडू नका. बँक, कर ॲप, सगळं त्या नंबरच्या ओटीपीवर चालतं. कंपनीच्या दुकानात जाऊन सर्वांत स्वस्त मासिक प्लॅनवर या आणि रोमिंग तिथूनच चालू करून निघा. इथून ते चालू करणं अवघड जातं.

नंबर जपायचं आणखी एक कारण. तिथं कर कॅलेंडर वर्षाचा, आणि दरमहा 5,000 युआनची वजावट वर्षाला 60,000 धरून असते. अर्ध्या वर्षात निघालात तर उरलेली वजावट वापरली जात नाही, म्हणून पुढच्या वर्षी 1 मार्च ते 30 जूनमध्ये हिशेब भरला की बहुधा परतावा निघतो. अट एवढीच की वर्षात 183 दिवस तिथं राहिलेले हवेत. 1 जानेवारी ते 12 जुलै म्हणजे 193 दिवस. चिनी नववर्षाला दोन आठवडे घरी येऊन गेला असाल तर आकडा हुकतो आणि हिशेब बदलतो. गणिताच्या मास्तरांना जास्त सांगायला नको.

प्रश्न : मुलगी कुनमिंगला योग शिकवते. घर 25 तारखेला सोडून शेवटचे चार दिवस मैत्रिणीकडे राहणार म्हणते. काही अडचण?
— एक आई, मानेवाडा

एकच, पण मोठी. हॉटेलात उतरलं तर नोंद हॉटेलच करतं. कुणाच्या घरी राहिलं तर 24 तासांच्या आत पोलीस चौकीत नोंद करावी लागते, मैत्रिणीनं सोबत जाऊन. चार दिवसांचं काय ते, असं म्हणून ती टाळू नये. परवान्याची मुदत तर एका दिवसानंही ओलांडू नये. दंड दिवसाला 500 युआन, 10,000 पर्यंत, शिवाय कोठडीचीही तरतूद आहे.

घराचं सांगायचं तर तिथं एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, अशी रीत आहे. अनामत बहुतेक वेळा वाद झाला म्हणून नाही, शेवटच्या दिवशी घरमालक आलाच नाही म्हणून अडकते. किल्ली देताना त्याला समोर बोलवा. पाणी, वीज, गॅस तिन्ही मीटरचे फोटो काढा आणि पैसे तिथल्या तिथं फोनवर घ्या.

पॉवर बँक असेल तर त्यावर 3सी खूण (चीनचं सुरक्षितता प्रमाणपत्र) आहे का बघायला सांगा. 28 जून 2025 पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानात खुणेविना ती नेता येत नाही, आणि कुनमिंगहून आधी दुसऱ्या शहरात विमानानं जाऊन तिथून भारताकडं निघायचं असेल तर पहिल्याच तपासणीत ठेवून घेतील.

प्रश्न : सध्या सुट्टीवर नागपुरात आहे. परत जाताना सहकाऱ्यांना निरोपाच्या भेटी न्यायच्या आहेत. शाळेचं नाव कोरलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि संत्रा बर्फी ठरवली आहे.
— एक वाचक, धरमपेठ

ताई, दोन्ही राहू द्या.

आपल्याकडं सेंडऑफ म्हटलं की 'सप्रेम भेट' लिहिलेलं घड्याळ ठरलेलंच. चिनीत मात्र 'घड्याळ देणं' आणि 'मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणं' या दोन्हींचा उच्चार एकच, सोंग चुंग. छत्रीही नको, कारण तिच्या नावाचा उच्चार 'पांगणं'सारखा आहे. नासपती कापून वाटून खाणंही टाळतात. 'नासपती वाटणं' आणि 'वियोग' एकसारखे ऐकू येतात. बर्फीत खवा असतो आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेण्यावर तिथं निर्बंध आहेत. ताजी संत्री तर नेताच येत नाहीत. हळहळ वाटते, कारण संत्र्याच्या जातीचं फळ तिथं शुभ मानतात, त्याचं नाव 'सौभाग्य' या शब्दाजवळचं.

भंडाऱ्याच्या टसरचे स्टोल न्या. हलके, मोडत नाहीत आणि विदर्भाचे आहेत हे सांगता येतं. लाल किंवा सोनेरी कागदात बांधा, पांढऱ्या-काळ्यात नको. एका खोलीतल्या सगळ्यांना सारखं द्या, चार नग नकोत, आठ चालतील. दोन्ही हातांनी द्या. समोरचा दोनदा नको म्हणेल, तिसऱ्यांदा घेईल आणि तुमच्यासमोर उघडणार नाही. त्यात नाराजी नसते.

उलट पालकांकडून महागडी भेट आली तर घेऊ नका. शिक्षकांनी विद्यार्थी-पालकांकडून भेटवस्तू, पैसे घेण्यावर तिथल्या शिक्षण मंत्रालयानं 2014 मध्ये बंदी घातली आहे. मुलांनी हातानं केलेलं कार्ड मात्र जरूर घ्या.

निरोपाच्या जेवणात दाराकडं तोंड असलेली जागा मानाची; बसवतील तिथं बसा. पेला भिडवताना आपली कड मुख्याध्यापकांच्या पेल्याच्या खाली ठेवा. दारू घेत नसाल तर चहाचा पेला उचला, 'दारूऐवजी चहा' असं म्हणायची तिथं रीतच आहे. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच सांगा. जेवण ठरवणाऱ्याला टेबलावर कळलं तर त्याची पंचाईत होते. उत्तर चीनमध्ये निघताना डंपलिंग वाढतील, कारण तिकडं निघताना डंपलिंग आणि पोहोचल्यावर नूडल्स असा रिवाज आहे. विमानानं जाणाऱ्याला 'यीलू पिंगआन' म्हणतात, म्हणजे वाटेत सुखरूप. 'वारा अनुकूल असो' ही दुसरी शुभेच्छा काही जण मुद्दाम टाळतात, कारण विमानाला उतरताना पाठीमागून वारा नको असतो.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या मुलांनी वीचॅट या चिनी चॅट ॲपवर ग्रुप केला आहे. नागपुरात आल्यावर चालू राहील ना?
— एक वाचक, सदर

नाही. भारतात जून 2020 पासून वीचॅटवर बंदी आहे, क्यूक्यू या चिनी सेवेचं मेल ॲपही त्याच यादीत होतं. खातं आपल्या +91 नंबरला जोडायच्या भानगडीत पडू नका. निघण्याआधी दोन गोष्टी करा. वीचॅटचे संदेश फोनमध्येच राहतात, म्हणून ग्रुपमधले फोटो आणि गप्पा संगणकावर उतरवून ठेवा. आणि फळ्यावर तुमचा ईमेल लिहून द्या. मुलांकडं जीमेल उघडत नाही, पण त्यांच्या 163 या चिनी ईमेल सेवेच्या पत्त्यावरून तुमच्या जीमेलला पत्र येतं. दुसरी-तिसरीतली मुलं असतील तर पत्ता पालकांच्या वहीत लिहा. त्या वयात फळ्यावरचं दुसऱ्या दिवशी पुसलेलं असतं.