अकरा गोल आणि शेवटचं क्वार्टर

प्रश्न : ताई, आम्ही फलटण तालुक्यातले शेतकरी. आमची मुलगी १८ वर्षांची, पुण्यात राहून हॉकीचं प्रशिक्षण घेते, फॉरवर्ड खेळते. यंदा राज्यातल्या १९ वर्षांखालच्या स्पर्धेत तिने ११ गोल केले, त्यातले ५ एकाच सामन्यात. अंतिम सामन्यात मात्र शेवटच्या क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या चार भागांतल्या शेवटच्या भागात, तिला बाहेर बसवलं. का, ते आम्हाला कळलं नाही, आणि ती काही सांगत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळने रांचीला महिलांच्या हॉकी इंडिया लीगच्या फायनलमध्ये दोन गोल मारले, ते बघितल्यापासून घरात दुसरा विषय नाही. ओळखीचे एक जण म्हणतात, ‘लीगच्या लिलावात आत्ताच नाव टाका, नाही घेतलं तर आपलं काय गेलं?’ तिची यंदा बारावी आहे. आई म्हणते, आधी परीक्षा. पोरगी मोठ्या खेळाला तयार आहे का, हे आमच्यासारख्या कधी स्टिक हातात न धरलेल्या माणसांनी ओळखायचं कसं?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातल्या ११ गोलांपेक्षा मला त्या शेवटच्या क्वार्टरबद्दल जास्त विचारावंसं वाटतं. त्या प्रशिक्षकांना जाऊन भेटा. भांडायला नको, हिशेब मागायलाही नको. ‘तिला का काढलं, ते आम्हाला समजावून सांगा’ एवढंच म्हणा. दमली होती का? बॉल गेल्यावर मागे येत नव्हती का? दुखापत लपवत होती का? या तिन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि कुठलं लागू पडतं हे त्या माणसाला माहीत आहे. मी वीस वर्षं मुलींना शिकवलं, आणि हा प्रश्न घेऊन आलेले पालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे ‘गोल करणाऱ्या मुलीला बसवलंच कसं’ म्हणत येतात.

आता गोलांकडे वळू. एका सामन्यात ५ गोल होतात तेव्हा समोरचा संघ कच्चा असतो. ते बाजूला ठेवा. उरलेल्या ६ गोलांचं तिच्याकडून नीट ऐकून घ्या : समोर कोण होतं, कितवं क्वार्टर होतं, आणि डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, बॉल आला तेव्हा तिच्या अंगावर कोणी होतं का. अंगावर डिफेंडर असताना, एका टचमध्ये मारलेला एक गोल मला त्या पाचांपेक्षा मोलाचा वाटतो.

हे मी स्वतः चुकून शिकले. पंधरा-एक वर्षांपूर्वी सोलापूरकडची एक मुलगी माझ्याकडे होती. सतरा वर्षांची, हाफ म्हणजे मधल्या फळीत खेळायची. बॉल स्टिकला चिकटल्यासारखा. मी छातीठोकपणे सांगितलं, ही तयार आहे, आणि तिला मोठ्या मुलींच्या शिबिराला पाठवलं. तिथे तिला बॉल मिळाला की दीड सेकंदात दोघी अंगावर. तिला मात्र बॉल घ्यायला, सरळ करायला आणि मग बघायला तीन टच लागायचे. आमच्याकडे ते खपायचं, कारण तिच्यावर कोणी धावूनच येत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात ती बॉल मागेनाशी झाली. दोन वर्षांत तिने हॉकी सोडली. मी तिला फक्त तिच्याच वयाच्या मुलींमध्ये पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर निकाल देऊन टाकला. ती चूक माझी, तिची नव्हे.

म्हणून तुम्ही एक करा. पुढच्या सामन्याला स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसा, मोबाइलवर शूटिंग करा, आणि बॉल कुठेही असला तरी कॅमेरा तिच्यावरच ठेवा. पूर्ण ६० मिनिटं. मी स्टॉपवॉच लावून मोजलेलं आहे, फॉरवर्डच्या स्टिकला बॉल अख्ख्या सामन्यात दोन मिनिटंही नसतो. उरलेल्या वेळात ती काय करते, ते कळायला हॉकी खेळलेलं असावं लागत नाही. बॉल यायच्या आधी ती मान वळवून मागे बघते का? दहा वेळा बॉल आला तर किती वेळा बघितलं, ते मोजा. बॉल हिसकावला गेला की पुढची पाच पावलं कशी पडतात? हात झटकून उभी राहते, की फिरून त्याच मुलीच्या मागे धावते? धावली तर स्टिक बॉलवर जाते की पायावर? घाईने मारलेल्या अशा टॅकलला हिरवं कार्ड मिळतं आणि संघ २ मिनिटं दहा जणींचा होतो.

आणि तिचा आवाज येतो का, तेही ऐका. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडच्या मुली इथे कमी पडताना मी फार बघितल्या. लीगच्या संघात हरियाणाच्या, झारखंडच्या, ओडिशाच्या, मणिपूरच्या मुली असतात, परदेशी खेळाडू असतात. मीटिंग हिंदी-इंग्रजीत. आपली पोर गुणी असते, पण मैदानावर तोंड उघडत नाही. बॉल न मागणाऱ्या फॉरवर्डला बॉल मिळत नाही. आजपासून तिला सरावात मोठ्याने बोलायला लावा, हिंदी मोडकी असली तरी चालेल.

दमाचं थोडं वेगळं सांगायचंय. मोठ्या हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, म्हणून फॉरवर्ड चार-पाच मिनिटं जीव तोडून पळते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. तिसऱ्या-चौथ्या फेरीतही पहिल्या फेरीचा वेग राहिला पाहिजे. हा दम यो-यो चाचणीत कळतो : २० मीटर जायचं, २० मीटर यायचं, १० सेकंद विसावा, आणि वेग वाढत जातो. प्रशिक्षकांकडे तिचे वर्षभराचे आकडे असतील, ते मागा. आकडा वाढतोय का घसरतोय ते बघा. घसरत असेल तर तिला आळशी म्हणायच्या आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन तर बघाच, पण फेरिटिनही बघा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. पाळी नियमित येते का, हे आईने विचारावं. शेवटच्या क्वार्टरला पाय जड होणाऱ्या कितीतरी मुलींचं दुखणं मला तिथे सापडलंय, आणि त्या बिचाऱ्या वर्षभर ‘मेहनत कमी पडते’ म्हणून बोलणी खात होत्या. वयात आलेल्या मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापतही मुलांपेक्षा जास्त होते. उडी मारून एका पायावर उतरताना तिचा गुडघा आत वळतो का, हे फिजिओकडून बघून घ्या.

ऋतुजाचं उदाहरण तुम्ही दिलंत, फार आनंद झाला. २६ जानेवारी २०२५ ला रांचीत ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबच्या संघाला २-१ ने हरवलं, दोन्ही गोल तिचे. महिलांची ती पहिलीच लीग. पण त्या संध्याकाळी ती नवखी नव्हती, २०२३ चा ज्युनियर वर्ल्ड कप चिलीत खेळून आलेली होती. त्याच लीगच्या लिलावात सुनेलिता टोप्पो या सतरा वर्षांच्या मुलीला २४ लाख मिळाले, तेही ती भारताच्या वरिष्ठ संघातून खेळून आल्यावर. वय अडवत नाही. भारताकडून खेळलेल्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे तुमच्या फलटण तालुक्यातल्याच. त्यांच्या घरच्यांना गाठा, किती पायऱ्या चढल्या ते त्यांच्या तोंडून ऐका.

‘नाही घेतलं तर काय गेलं’ म्हणणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न आहे : घेतलं तर काय? पहिल्या लीगच्या लिलावात सगळ्यात खालची बोली २ लाखांची होती. तेव्हा संघात २४ जणी होत्या, सुरुवातीला मैदानावर ११. अठरा वर्षांची पोर ऐन थंडीत, बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या तोंडावर, सामने संपेपर्यंत बाकावर बसून परत येईल. काही मुली बाकावर बसूनही खूप शिकतात, डोळे उघडे ठेवून. तुमची मुलगी एका क्वार्टरला बसवलं तर अजून त्यावर बोलत नाहीये. म्हणून मी स्पष्ट सांगते, यंदा नाव देऊ नका. आई बरोबर म्हणते. बारावी होऊ द्या, मग वरिष्ठ महिलांच्या राज्य निवड चाचणीला पाठवा. खात्यांच्या संघांतून खेळणाऱ्या, पंचविशी-तिशीतल्या बायकांविरुद्ध दहा-बारा सामने खेळू द्या, आणि ते ओल्या टर्फवर. तिथलंही शूटिंग करा. अंगावर कोणी असताना ती दोन टचमध्ये बॉल सोडायला लागली आणि चौथ्या क्वार्टरला प्रशिक्षक तिला आत ठेवायला लागले, की फॉर्म भरा. मला पुन्हा लिहा, ते शूटिंग मी स्वतः बघेन.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा, गोलकीपर आहे. मोठ्या संघाच्या चाचणीत त्याला घेतलं नाही. वय निघून जातंय का? (एक आई, खडकी)

उत्तर : नाही हो. गोलकीपर उशिरा पिकतो. श्रीजेश २००६ मध्ये, अठराव्या वर्षी भारताकडून खेळला, पण संघातली जागा पक्की व्हायला त्याला पुढे कितीतरी वर्षं लागली. आणि २०२४ ला पॅरिसचं ब्राँझ घेऊन थांबला तेव्हा छत्तिशीत होता. मुलाच्या पेनल्टी कॉर्नरच्या बचावाबद्दल लिहाल का? पहिला फटका बहुतेक जण अडवतात. पॅडवरून उडालेला बॉल तो कुठे घालवतो, डीच्या मधोमध की बाजूला, एवढं पुढच्या चार सामन्यांत लिहून ठेवा. आणि त्याचे पॅड यंदा गुडघ्याला बरोबर बसतात का ते बघा. या वयात मुलं झपाट्याने उंच होतात आणि पॅड गेल्या वर्षीचेच राहतात.