भाव पडला तो वेगळा, कडता वेगळा

प्रश्न : आमची कोरडवाहू कपाशी. भाव पडलेला, त्यात व्यापाऱ्याने क्विंटलमागे कडता, म्हणजे वजनातली घट, कापला. कॉलेजात सांगतात, उदारमतवादी अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथच्या विचारात गरिबाला जागा नाही आणि त्याच वाटेचा हायेक तर सामाजिक न्यायाला मृगजळच म्हणतो. मग आम्ही हे का वाचायचं?
– एक विद्यार्थिनी, शहादा तालुका

उत्तर : पोरी, तू दोन तक्रारी एकाच गाठोड्यात बांधल्यास. भाव कुणा एकाने पाडला नाही. हायेकचं १९७६ सालच्या पुस्तकातलं म्हणणं हेच : जी वाटणी कुणी केलीच नाही, तिला अन्याय कसा म्हणायचा? कडता मात्र कापणाऱ्याने कापला, आणि त्याला तुझे वडील ओळखतात. हा अन्यायच.

स्मिथला व्यापाऱ्यांचा वकील समजू नकोस. एकाच धंद्यातली माणसं मजेखातर जमली तरी गोष्ट शेवटी भाव चढवण्याच्या कटावर येते, हे १७७६ साली त्यानेच लिहिलं. बहुसंख्य लोक दरिद्री असलेला समाज सुखी नसतो, हेही त्याचंच. सरांना ती पानं दाखव. रागावले तर माझं नाव सांग.

न्यायाच्या नावाने सरकारने काय केलं, ते वडिलांना विचार. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर नेला तर तेव्हा गुन्हा. खेतिया आपल्या उंबऱ्यावर, पण मध्य प्रदेशात! तिकडे भाव बरा असला की आमच्या गावातून रात्री गाड्या निघायच्या. स्वतःचा कापूस, आणि चोरासारखा न्यायचा. उदारमतवाद्यांचा राग अशा बंदीवर असतो. मला तो पटतो.

पण हायेकशी माझं सगळंच जुळत नाही. बियाणं ज्याच्याकडून उधार, माल त्यालाच घालायचा, तर घासाघीस कसली? हे स्मिथनेच जास्त ओळखलं होतं : मालक मजूर न लावता वर्षभर तग धरतो, कित्येक मजुरांना कामाविना आठवडाही निघत नाही. तसा, कुणी उपाशी मरू नये म्हणून सरकारने किमान आधार द्यावा, हे हायेकलाही मान्य होतं. एवढं परीक्षेत लिही, बहुतेक जण ते विसरतात.

आता कडत्याचं. माल बाजार समितीत घातला असेल तर हिशेबपट्टी जोडून सचिवांकडे लेखी तक्रार द्या. खेडा खरेदीत दारातूनच दिला असेल, तर पट्टी मिळाली का, ते आधी कळव.