गाडी विकायचीय? आधी फुल पेंटचे पैसे वाचवा

प्रश्न: माझी २०१६ ची पेट्रोल वॅगन आर आहे, एमएच-०४ पासिंग, मी पहिलाच मालक. पार्किंगमध्ये घासून घासून बरेच स्क्रॅच आलेत. गॅरेजवाला म्हणतो फुल बॉडी पेंट मारून घ्या, सीट कव्हर आणि टचस्क्रीन टाका, भाव चांगला येईल. पन्नास हजार सांगतोय. करू का?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर: नका करू, अगदी मनापासून सांगतोय. नऊ-दहा वर्षांच्या गाडीला ताजा ताजा फुल पेंट दिसला की घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती ॲक्सिडेंटची, आणि हल्ली डीलर लोक पेंटची जाडी मोजायचं मीटर घेऊनच येतात, ते दारावर-बोनेटवर टेकवलं की कुठला पॅनल परत रंगवलाय ते लगेच कळतं, मग तुम्ही कितीही सांगा की फक्त स्क्रॅच होते, तो भाव पाडणारच. कंपनीचा मूळ रंग, त्यावर चार ओरखडे असले तरी, जास्त भरवशाचा वाटतो. रबिंग-पॉलिश करा, हेडलाइट पिवळे पडले असतील तर बफिंग करून घ्या, आतून नीट क्लिनिंग करा, बस. सीट कव्हर, टचस्क्रीनचे पैसे कोणी परत देत नाही.

वास मात्र घालवा. आपल्याकडे पावसाळ्यात मॅट ओले राहतात आणि कुबट वास धरतो, आणि या भागात कुबट वास म्हणजे गाडी पाण्यात गेली होती की काय हाच प्रश्न येतो. कार्पेट उचलून खालचं उन्हात वाळवा, नुसतं परफ्यूम लटकवून चालत नाही, उलट त्याने संशय वाढतो.

खर्च करायचाच तर एसीवर करा. दुपारी ट्रायल द्यायला घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी काढली आणि एसी गार हवा देत नसेल तर तिथेच विषय संपला. डॅशबोर्डवर चेक इंजिनची लाइट लागलेली असेल तर तीही बघून घ्या. टायर गोटा झाले असतील तरच बदला, कायद्याने नक्षी किमान १.६ मिलीमीटर लागते. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात, समजा २३२१ असेल तर टायर २०२१ च्या २३ व्या आठवड्यातला, जाणकार माणूस ते वाचतो. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नका, बोनेटला हात लावून बघणारे असतात, थंड गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली की त्याला बाकी फार सांगावं लागत नाही.

आता कागद, खरा भाव इथे ठरतो. लोन फेडलं म्हणून आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप जात नाही, बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, काढावी लागते, हे आधीच करून ठेवा, नाहीतर समोरचा त्याच मुद्द्यावर हजारो रुपये कापतो. तुमची गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लागते, बसवली नसेल तर आरटीओत ट्रान्सफरचं काम अडू शकतं. ई-चलान भरून टाका, नंबर टाकून घेणाराही ते बघतोच. सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावून फाइल करा, दुसरी चावी शोधून ठेवा. पीयूसी आणि इन्शुरन्स चालू हवेत.

एक गोष्ट भावाबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा सेसही गेला, नवीन गाडीच स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीला त्याआधीचा भाव मिळणार नाही. तुमच्याच मॉडेलच्या, तुमच्याच वर्षाच्या गाड्या ठाण्यात सध्या कितीला लागल्यात ते बघून आकडा ठरवा.

प्रश्न: मिस्टर गेल्यापासून त्यांची गाडी नेरुळला सोसायटीत उभीच आहे, वर्ष होऊन गेलं. आरसी त्यांच्या नावावर आहे. मला विकायची आहे, सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर: ताई, आधी गाडी तुमच्या नावावर करावी लागेल, त्याशिवाय पुढच्याला देता येणार नाही. त्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म असतो, सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आणि मुलं वगैरे वारस असतील तर त्यांची संमती. नियमाप्रमाणे हे तीन महिन्यांत करायचं असतं, उशीर झालाय तर दंड लागेल, पण काम होतं, घाबरू नका. अर्ज परिवहनच्या साइटवर भरता येतो, एमएच-४३ असेल तर नवी मुंबई आरटीओ. "असंच द्या, नंतर बघू" म्हणणाऱ्या एजंटाला गाडी देऊ नका, तो तुमच्या अडचणीचा भाव लावतोय.

आणि एवढे दिवस उभी असलेली गाडी स्वतः चावी फिरवून सुरू करायला जाऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, ब्रेक जाम झालेत का, पेट्रोल जुनं झालंय का, खाडीच्या दमट हवेने खालून गंज धरलाय का, हे आधी बघू दे. बॅटरी बहुतेक गेलीच असेल, ती नवीन टाका, सुरू न होणारी गाडी भंगाराच्या भावात मागतात.

प्रश्न: डीलर दहा हजार जास्त देतोय पण म्हणतो कोऱ्या फॉर्मवर सह्या करून द्या, ट्रान्सफर गिऱ्हाईक मिळाल्यावर करू. देऊ का?
– एक वाचक, खारघर

उत्तर: नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. दहा हजारांसाठी एवढी जोखीम कशाला. डीलर अधिकृत असेल तर २९सी फॉर्मने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद ऑनलाइन होते, तशी करायला सांगा आणि डिलिव्हरीची तारीख-वेळ लिहून सही घ्या. फास्टॅग बंद करा. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, गाडीचा नसून तुमचा आहे, इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, तीन वर्षांत दुसरी गाडी घेतलीत तर तिथे वापरता येतो.