हे खरे नाही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा लांबलचक निरोप सकाळी वाचला. नागपूरचं अधिवेशन तोंडावर, टेबलावर जप्त केलेली वाळूची वाहनं पुन्हा रस्त्यावर धावताहेत हे खरे आहे काय, असा आमदाराचा तारांकित प्रश्न, आणि जिल्ह्याकडून आलेला दोन ओळींचा अहवाल: जप्त केलेली वाळूची सर्व वाहने ताब्यात आहेत. त्यातलाच एक डंपर परवा रस्त्यावर धावताना कुणीतरी फोटोत टिपलाय आणि तो फोटो तुझ्यापर्यंत पोचलाय. तू विचारतेस, ‘काका, अहवाल सहीशिक्क्याचा आहे. मी त्यावरून “हे खरे नाही” लिहून नस्ती वर पाठवली, तर माझं काय चुकलं?’

फोनवर दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तुला ते पटलं नसतं. म्हणून पत्र लिहितोय. सभागृहात मंत्र्यांनी वाचायची हीच उत्तरं मी तेहेतीस वर्षं लिहिली. ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ हे शब्द हाताला इतके सवयीचे होतात की लिहिताना मन थांबतच नाही. निवृत्तीनंतर मी एक अमेरिकन प्रकरण मुळापासून वाचून काढलं, कारण त्याच्या मध्यभागी तुझ्या टेबलावर आहे तसाच एक मसुदा आहे. ऑपरेशन फास्ट अँड फ्युरियस. बंदुकांचा माग काढायला निघालेली ही सरकारी मोहीम आणि तिच्यावरून वॉशिंग्टनमध्ये झालेलं रणकंदन तू ऐकून असशील. रणकंदनाचं मी थोडक्यात आटपणार आहे. तू कागदाकडे लक्ष दे.

गोष्ट ॲरिझोनातली. मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांना बंदुका लागतात आणि सीमेपलीकडे अमेरिकेत त्या दुकानात मिळतात. टोळीचा माणूस स्वतः दुकानात जात नाही. ज्याच्यावर गुन्हा नाही असा कुणीतरी पुढे केला जातो, तो फॉर्मवर ‘खरा खरेदीदार मीच’ असं लिहून देतो, रोख पैसे मोजतो आणि माल दुसऱ्याच्या हवाली करतो. आपण जमिनीच्या बाबतीत बेनामी म्हणतो, तसा हा बेनामी खरेदीदार. एटीएफ ही केंद्रीय यंत्रणा तिथे बंदुकांच्या व्यवहारावर नजर ठेवते. तिच्या फिनिक्स कार्यालयाने २००९ च्या अखेरीस ठरवलं की या किरकोळ माणसांना दुकानाच्या दारात पकडून उपयोग नाही. तिथले सरकारी वकीलही म्हणत होते की खोटा फॉर्म भरल्याच्या गुन्ह्यात पुरावा टिकत नाही. तेव्हा खरेदी होऊ द्यायची, माल कुठे जातो ते बघायचं आणि अख्खं जाळं एकदम उचलायचं.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं. पण त्यांचा माग काढायचा मार्ग काय होता ते नीट बघ. बंदूक विकली गेली की तिचा क्रमांक संशयित बंदुकांच्या नोंदीत चढवायचा. बस. काही वेळा पाठलाग केला, मग सोडून दिला. म्हणजे ती बंदूक पुन्हा समोर येणार कधी, तर कुठल्यातरी गुन्ह्याच्या जागी सापडेल तेव्हा. ही गोष्ट लक्षात आली त्या रात्री मला झोप लागली नाही. माग लागायचा तर आधी कुणावर तरी गोळी झाडली जायला हवी होती, आणि वर्षभर नस्तीवर सह्या करणाऱ्या एकाही वरिष्ठाने हा प्रश्न लिहून विचारला नाही.

सुमारे २,००० बंदुका अशा विकल्या गेल्या, किंमत जवळजवळ १५ लाख डॉलर. एकट्या माणसाने सहाशेहून जास्त विकत घेतल्या. यंत्रणेने स्वतः जप्त केल्या त्या शंभरच्या आसपास. मेक्सिकोच्या सरकारला कुणी कळवलंच नाही, आणि मेक्सिकोत नेमलेल्या एटीएफच्या स्वतःच्या अधिकाऱ्यालाही अंधारात ठेवलं.

कुणीच बोललं नाही असं मात्र नाही. जून २०१० मध्ये एका दुकानदाराने फिनिक्स कार्यालयाला ईमेल पाठवली. आपण तुमच्या सांगण्यावरून विकतोय त्या बंदुका सीमेपलीकडे किंवा वाईट लोकांच्या हाती जाणार नाहीत ना, एवढी खात्री त्याला हवी होती. दक्षिण ॲरिझोनात सीमेवर गस्त घालणारे माझे जवळचे मित्र आहेत, असंही त्याने लिहिलं होतं. कार्यालयात काही शिपाईगडी, म्हणजे जागेवर काम करणारे एजंट, वरिष्ठांशी भांडत होते. त्यांच्या पर्यवेक्षकाने मार्चमध्येच सगळ्यांना लिहून कळवलं होतं की ज्यांना या कामात मजा वाटत नाही त्यांनी मॅरिकोपा काउंटीच्या तुरुंगात कैद्यांना जेवण वाढायची नोकरी बघावी. तू नवीन आहेस. असा सूर तुझ्याही कानावर येईल, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

१४ डिसेंबर २०१०. रिओ रिकोजवळच्या पेक कॅन्यनमध्ये रात्री सीमा गस्त दलाचे चार जण दबा धरून बसले होते. तस्करांना लुटणारी हत्यारबंद टोळी येणार होती. ब्रायन टेरी त्या चौघांत होता. मिशिगनचा, आधी मरीन, मग पोलीस, वय ४०. चकमकीत त्याच्या पाठीत गोळी घुसली आणि तो गेला. त्या जागी एके-४७ धाटणीच्या दोन रायफली सापडल्या. क्रमांक तपासले. १६ जानेवारीला, अकरा महिन्यांपूर्वी, फिनिक्सजवळच्या ग्लेनडेलमधल्या दुकानातून एका बेनामी खरेदीदाराने नेलेल्या तीन बंदुकांपैकी या दोन. तो खरेदीदार लगोलग पकडला गेला, कारण त्याचं नाव अकरा महिने कार्यालयाच्या नोंदीत होतंच. (टेरीला लागलेली गोळी त्याच बंदुकांतून सुटली का, हे चाचणीत सिद्ध झालं नाही. हेही लिहायला हवं; अर्धवट सत्य आपल्या बाजूचं असलं तरी लिहू नये.)

पुढे अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीपुढे टेरीच्या एका नातलगाने साक्ष दिली. ब्रायनने नाताळसाठी घरच्यांना भेटवस्तू निवडून टपालाने पाठवल्या होत्या. तो स्वतः सुट्टीवर येणार होता. नाताळच्या तोंडावर घरच्यांनी त्याला पुरलं, आणि त्याच आठवड्यात ती पार्सलं एकेक करून दारात येऊ लागली.

आता तुझ्या कामाचं.

जानेवारी २०११ मध्ये फिनिक्सच्या प्रमुखाने पत्रकार परिषद घेऊन २० जणांवर आरोपपत्र जाहीर केलं. बंदुका जाणूनबुजून जाऊ दिल्या का, असं विचारल्यावर त्याने ठणकावून नाही म्हटलं. पण जॉन डॉडसन नावाच्या एजंटने तोवर सिनेटर चक ग्रासली यांच्या कार्यालयाला सगळं सांगितलं होतं. ग्रासलींनी २७ आणि ३१ जानेवारीला पत्रं पाठवून थेट विचारलं. थोडक्यात, ‘हे खरे आहे काय?’

त्या प्रश्नाचं उत्तर, एटीएफ ज्याच्या हाताखाली येते त्या न्याय विभागाने, ४ फेब्रुवारी २०११ ला दिलं. एका आठवड्यात. आरोप खोटा आहे. बेकायदा विकत घेतलेली शस्त्रं मेक्सिकोत जाण्यापासून रोखण्याचा एटीएफ सर्वतोपरी प्रयत्न करते. सही विधिमंडळविषयक काम बघणाऱ्या सहायक ॲटर्नी जनरलची. तू आणि मी करतो ते काम करणाऱ्या खात्याची, असं समज.

हा मसुदा कसा तयार झाला ते नंतर तेराशेहून जास्त पानांच्या ईमेल आणि कच्च्या खर्ड्यांतून बाहेर आलं. वॉशिंग्टनमधल्या मसुदा करणाऱ्यांनी माहिती मागवली फिनिक्सकडून. फिनिक्सच्या मुख्य सरकारी वकिलाने कळवलं की ग्रासलींचे आरोप निखालस खोटे आहेत. एटीएफच्या वरिष्ठांनी मान डोलावली. मग वाक्यं घासूनपुसून गुळगुळीत झाली. बेनामी खरेदीदार ‘ज्याने नंतर त्या मेक्सिकोत नेल्या’ अशी शब्दरचना आली. खरेदी करणारा आणि सीमा ओलांडणारा माणूस वेगळा असला की वाक्य व्याकरणाने वाचतं. असली वाक्यं मीही लिहिली आहेत. त्यांची चव मला अजून आठवते.

ज्या कार्यालयावर आरोप होता, त्यालाच विचारलं की आरोप खरा आहे का. त्याने नाही म्हटलं, तेच उत्तर झालं. मूळ नस्ती कुणी मागवली नाही. तक्रार करणाऱ्या एजंटशी कुणी बोललं नाही.

२ डिसेंबर २०११ ला, म्हणजे दहा महिन्यांनी, विभागाने ते पत्र मागे घेतलं. सप्टेंबर २०१२ मध्ये विभागाच्या कारभाराची चौकशी करणारे महानिरीक्षक मायकेल होरोविट्झ यांचा ४७१ पानांचा अहवाल आला. १४ जणांवर शिस्तभंगाचा विचार व्हावा असं त्यात सुचवलं. ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय विभागाचे मंत्री, एरिक होल्डर यांना जानेवारी २०११ च्या अखेरीआधी या मोहिमेची माहिती होती असा पुरावा नाही, असंही त्याच अहवालात आहे.

पण अहवाल येईपर्यंत राजकारण केव्हाच पेटलं होतं. प्रतिनिधी सभेच्या समितीचे अध्यक्ष डॅरेल इसा यांनी कागद मागितले. होल्डरनी काही दिले, काही अडवले. अध्यक्ष ओबामांनी २० जून २०१२ ला कार्यकारी विशेषाधिकार, म्हणजे सरकारी कागद संसदेला न देण्याचा अधिकार, पुढे केला. २८ जूनला सभागृहाने २५५ विरुद्ध ६७ मतांनी होल्डरना अवमानाबद्दल दोषी ठरवलं. पदावर असलेल्या मंत्र्यावर अशी वेळ पहिल्यांदाच आली. शंभराहून जास्त डेमोक्रॅट सभात्याग करून बाहेर पडले. बंदूकवाल्यांची बलाढ्य संघटना मतांचा हिशेब ठेवत होती. १७ डेमोक्रॅटांनी रिपब्लिकनांबरोबर मत दिलं. बंदुकांवर बंदी आणायचं निमित्त मिळावं म्हणून हे सगळं घडवलं, असा आरोपही झाला. त्याला महानिरीक्षकांच्या अहवालात कुठेच आधार मिळाला नाही. असलीच एक मोहीम आधीच्या बुश सरकारच्या काळात, २००६-०७ मध्ये, टक्सनमध्ये झाली होती आणि तिच्यातही चारशेहून जास्त बंदुका हातातून निसटल्या होत्या, हे विरोधक सोयीने विसरत होते.

मला चटका लावून गेलं ते वेगळंच. भांडण ज्या कागदांवरून एवढं चिघळलं ते बहुतेक ४ फेब्रुवारीनंतरचे कागद होते. म्हणजे मंत्र्याचा अवमान, अध्यक्षांचा विशेषाधिकार, कित्येक वर्षं चाललेला कोर्टातला दावा, या सगळ्याचा विषय बंदुका नव्हत्याच. विषय होता ते पत्र चुकीचं गेल्याचं विभागाला कधी कळलं, आणि कळल्यावर त्याने काय केलं. मोहिमेची चूक फिनिक्सची होती. त्या एका मसुद्याने ती साऱ्या सरकारच्या गळ्यात बांधली. आणि मेक्सिकोत त्या बंदुकांनी किती जीव घेतले हा प्रश्न या गदारोळात कोपऱ्यात पडला. २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या लॉस मोचिसला अमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या एल चापो पकडला गेला तेव्हा त्याच्या अड्ड्यावर सापडलेली ५० कॅलिबरची रायफल याच मोहिमेतली निघाली. एवढी वर्षं ती कुणाकुणाच्या हातात होती कोण जाणे.

माझी गोष्टही सांगतो, कुणाचं नाव न घेता. दुष्काळाचं वर्ष. एका तालुक्यात टँकर येत नाही असा प्रश्न होता. तिथून अहवाल आला, ‘टँकरच्या फेऱ्या नियमित सुरू आहेत.’ मी लिहिलं, ‘हे खरे नाही.’ सभागृहात सदस्य उठले, त्यांच्या हातात टँकरच्या लॉगबुकाची झेरॉक्स. बावीस दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या, आणि किलोमीटरचा आकडा रोज तोच. मंत्री खाली बसले. हक्कभंगाची सूचना आली. मला नोटीस मिळाली, पण ती मी कधीच विसरलो. त्या गावातल्या एका म्हातारीने पाहणीला आलेल्यांपुढे रिकामी कळशी उलटी करून धरली होती, हे मला नंतर कळलं. ते विसरता येत नाही. लॉगबुक मागवायला मला एक फोन पुरला असता.

तेव्हा आता काय करायचं ते ऐक. अहवाल पुरेसा नाही. तहसीलला पत्र लिही, जप्तीचे पंचनामे माग, वाहनं जिथे उभी केली आहेत त्या जागेच्या आवक-जावक नोंदवहीच्या प्रती माग, आणि वाहनांचे क्रमांक एकेक करून जुळव. फोटोतल्या डंपरचा क्रमांक यादीत आहे का, हे तू स्वतः बघ, दुसऱ्यावर सोपवू नकोस. ज्याने फोटो काढला त्याच्याशीही बोल. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचंच म्हणणं तेवढं ऐकून उत्तर बांधू नकोस.

वेळ कमी आहे, साहेब घाई करतील, मला ठाऊक आहे. कागद आले नाहीत तर ‘याबाबत क्षेत्रीय कार्यालयाकडून पडताळणी करण्यात येत आहे’ असं उत्तर प्रस्तावित कर. हे उत्तर कुणाला आवडत नाही, पण ते खरं आहे. साहेबांनी बदलायला सांगितलं तर टिपणीवर तुझं म्हणणं साध्या शब्दांत, तारखेसह लिही आणि खाली सही कर. आदळआपट नको, आणि कानात सांगणंही नको. फोटो नस्तीला जोड, पान क्रमांक टाक. उद्या कुणी नस्ती उघडली तर तो तिथेच दिसला पाहिजे.

आणि उत्तर गेल्यावर चूक लक्षात आली, तर त्याच दिवशी सुधारित निवेदनाचा प्रस्ताव ठेव. दहा महिने थांबायचं नाही.

सोमवारी तहसीलचा फोन लागला की मला कळव. नोंदवहीच्या प्रती व्हॉट्सॲपवर आल्या तर मलाही पाठव, दोघं मिळून क्रमांक जुळवू. रात्री उशीर झाला तरी चालेल, चष्मा उशाशीच असतो.

तुझा,
काका