अक्कलदाढेसाठी एफडी मोडायची का?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. वय 26, वेर्ण्यातल्या औषध कंपनीत पॅकिंग विभागात कंत्राटी नोकरी, पगार 19,500. खालची उजवी अक्कलदाढ हाडात आडवी अडकली आहे आणि यंदा दोनदा सुजली. डावीही अडकलेली आहे, पण तिने कधी त्रास दिलेला नाही. दवाखान्याने दोन्ही दाढा काढायला सांगितल्या आहेत: ड्रिलने प्रत्येकी 9,000, लेझरने प्रत्येकी 20,000. लेझर केलं तर दुखत नाही, दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं, असंही सांगितलं. ताईंची 60,000ची एकच मुदत ठेव आहे. ती मोडावी की दवाखान्याची ‘बिनव्याजी’ हप्त्यांची सोय घ्यावी, आणि चतुर्थीआधी उरकावं का, असं त्या विचारतात.

ताई, एफडी मोडू नका आणि हप्तेही घेऊ नका. उजवी दाढ मात्र काढाच. दोनदा सुजलेली हिरडी तिसऱ्यांदाही सुजू शकते आणि दर वेळी औषधं, रजा, उपास हे चक्र चालू राहतं.

आधी डाव्या दाढेचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाचतात. जी अडकलेली दाढ दुखत नाही, सुजत नाही, शेजारच्या दाताला कीड लावत नाही, ती केवळ अडकली आहे म्हणून काढू नये, अशी सूचना ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने 2000 साली दिली. प्रत्येक डॉक्टरला ती पटतेच असं नाही. आडवी दाढ पुढच्या दाढेला टेकलेली असेल तर मध्ये अन्न अडकून पुढची चांगली दाढ किडू शकते, हेही खरं. म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा: डाव्या बाजूला आज कीड किंवा जंतुसंसर्ग दिसतोय का? ‘नाही’ म्हणाले, तर वर्षातून एकदा तपासून घ्या आणि त्या दाढेचे 9,000 किंवा 20,000 तसेच राहू द्या.

आता लेझर. ‘कुठलं लेझर?’ हे विचारल्याशिवाय दर ठरवू नका. पुष्कळ दवाखान्यांत डायोड लेझर असतं. ते हिरडी छान कापतं, रक्त कमी येतं, पण हाड त्याने कापता येत नाही. तुमची दाढ हाडात आहे. म्हणजे हिरडीला लेझर लावून पुढचं काम ड्रिलनेच होणार आणि बिलावर मात्र ‘लेझर सर्जरी’ लिहिलं जाणार. हाड कापणारं लेझर वेगळं, त्याला एर्बियम याग म्हणतात. हाडातलं पाणी त्याची ऊर्जा शोषून घेतं, म्हणून हाड फारसं तापत नाही. काही चाचण्यांत त्याने सूज थोडी कमी आल्याचं दिसलं, पण काम ड्रिलपेक्षा हळू चालतं आणि किती खोल गेलो हे हाताला कळत नाही. ड्रिलचीही भीती बाळगू नका. हाड साधारण 47 अंशांवर मिनिटभर तापलं तर इजा होते, म्हणून ड्रिल चालू असताना थंड सलाईनची धार सोडतात. भूल दिलेली असते. जाणवतो तो आवाज आणि दाब.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, लेझर केलं तरी. दाढ कशी पडली आहे, खालची नस किती जवळ आहे आणि शस्त्रक्रिया कोण करतंय, यावर तुमचे रजेचे दिवस ठरतात. तुमचा रोज 26 दिवसांच्या हिशेबाने 750 रुपये पडतो. एका दाढेमागे लेझरचे जादा 11,000, म्हणजे जवळजवळ पंधरा दिवसांचा पगार. लेझरने खरोखर तीन दिवस आधी कामावर गेलात असं धरलं, तरी वाचले 2,250. हा हिशेब कुठूनही जुळत नाही. पैसा टाकायचाच तर तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेल्या सर्जनच्या फीवर टाका.

तुम्ही पाठवलेल्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, 147 रुपये कापलेले दिसतात. कंपनीही तुमच्यासाठी दरमहा सहाशेच्या वर भरते. तुमच्या पत्रात याचा उल्लेखच नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. हा वैद्यकीय हक्क तुम्ही आधीच विकत घेतलेला आहे. ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्सरे आणि ईएसआय कार्ड घेऊन तुमच्या ईएसआय दवाखान्यात जा, मडगावच्या ईएसआय इस्पितळासाठी चिठ्ठी मागा. आजारपणाच्या रजेवर सरासरी रोजाच्या 70 टक्के भत्ताही मिळतो, मात्र पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत आणि आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ईएसआयचं प्रमाणपत्र तिथूनच घ्या.

तिथे जमलं नाही तर बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय आहे. पणजीवरून वेर्ण्याला जाताना ते वाटेतच लागतं. सरकारी संस्था असल्याने खर्च खाजगीच्या मानाने फारच कमी. रांग लागेल, फेऱ्या जास्त होतील, एखाद-दुसरी रजा जास्त जाईल. म्हणजे 750 किंवा 1,500 रुपये. हे दोन्ही नको असेल तर 9,000चं ड्रिल. तीन महिने 3,000 बाजूला टाका, एफडीला हात लागत नाही. ही ठेव म्हणजे तुमचा तीन महिन्यांचा पगार आहे. त्यातले 40,000 काढलेत तर एकाच महिन्याचा आधार उरतो आणि कंत्राटी नोकरीत तो फार थोडा.

हप्त्यांबद्दल एवढंच: शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं होतं. व्याज किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडवलेलं असतं आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात त्या व्याजावर 18 टक्के जीएसटीही लागतो. रोख दिले तर किती कमी कराल, असं काउंटरवर विचारा. उत्तरात ते व्याज दिसेल.

चतुर्थीची घाई करू नका. हिरडी सुजलेली असताना आधी जंतुसंसर्ग उतरवतात, मग दाढ काढतात. शिवाय ऐन सणात पातळ पेज पिऊन गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची वेळ तुमच्यावर येऊ नये. सण झाल्यावरची तारीख घ्या. त्याआधी पुन्हा सूज आली, ताप आला किंवा तोंड उघडेनासं झालं, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा.